युक्रेनचा पैसा आणि तुमच्या शाळेची बस

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही ओहायोत राहता, मुलगी चौथीत आहे. तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे तिथल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, शाळेच्या बसचे दोन मार्ग बंद केले. वाचनात मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवणाऱ्या बाई गेल्या, त्यांची जागा भरलीच नाही. विचारलं की एकच उत्तर मिळतं, पैसा नाही. आणि त्याच देशाचं सरकार गेली काही वर्षं युक्रेनला, इस्रायलला अब्जावधी डॉलरची शस्त्रं देतंय. तुम्ही लिहिलंय, 'घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.' हा पैसा आधी घरी का वापरत नाहीत?

शाळेबद्दलचा तुमचा राग रास्त आहे. पण बाईंची जागा युक्रेनने खाल्ली नाही, आणि उद्या युक्रेनची मदत पूर्ण थांबली तरी बाई परत येणार नाहीत. लष्करी खर्चावर रागवायला कारणं आहेत, चांगली भरभक्कम आहेत, पण ती वेगळ्या जागी आहेत. मी सहा वर्षं लष्करी साठ्याच्या मूल्यांकनाचे हिशेब पाहिले आणि नंतर बारा वर्षं एका राज्याच्या अर्थसंकल्प कार्यालयात काढली (ते राज्य ओहायो नव्हे). दोन्हीकडच्या खतावण्या हाताखालून गेल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाईंपासूनच सुरुवात करू. अमेरिकेत शालेय शिक्षणाच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा एरवी दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतो. बाकीचा भार राज्य आणि स्थानिक मालमत्ता कर उचलतात. करोनाच्या काळात हे चित्र पालटलं. मार्च २०२०, डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ अशा तीन कायद्यांतून शाळांसाठी अनुक्रमे सुमारे १३, ५४ आणि १२२ अब्ज डॉलर आले. एकूण जवळपास १९० अब्ज. युक्रेनसाठी २०२२ ते २०२४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पाच पुरवणी कायद्यांतून जे मंजूर केलं त्याची बेरीज १७५ अब्जांच्या घरात जाते. म्हणजे शाळांना मिळालेला आकडा मोठा होता. तो कुणाच्या लक्षात राहिला नाही, कारण तो तेरा हजारांवर डिस्ट्रिक्टांत वाटला गेला आणि त्याचे रणगाडे टीव्हीवर दिसले नाहीत.

या पैशाला मुदत होती. शेवटच्या हप्त्यातली रक्कम ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत कुठल्या तरी कामाला बांधून टाकायची, नाही तर परत. कित्येक डिस्ट्रिक्टांनी त्यातून नेमकी हीच माणसं घेतली: वाचनासाठी जादा शिक्षक, समुपदेशक, नर्स. पोरं दीड वर्ष घरी बसून आली होती, गरज खरी होती. पण एकदाच येणाऱ्या पैशातून दर महिन्याचा पगार बांधला की मुदत संपल्यावर काय होतं ते सांगायला तज्ज्ञ लागत नाही. आमच्या कार्यालयात डिस्ट्रिक्टांची पत्रकं यायची तेव्हा 'निधीचा स्रोत' या रकान्यात जिथे जिथे करोना निधी लिहिलेला असे ती ओळ आम्ही पिवळी करायचो. २०२२ च्या उन्हाळ्यात एका मध्यम आकाराच्या डिस्ट्रिक्टचं पत्रक उघडलं तर अर्धं पान पिवळं. मी फोन केला. पलीकडच्या लेखापालबाई म्हणाल्या, 'माहितीये हो मला. पण आत्ता मुलांना वाचता येत नाहीये, दोन वर्षांनी नाही.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तुमच्या डिस्ट्रिक्टचं पत्रक मी पाहिलेलं नाही. पण तुम्ही सांगता ते साल आणि गेलेल्या जागेचा प्रकार बघता मी आधी पिवळ्या ओळीच शोधेन.

आता केंद्राची तिजोरी. २०२४ च्या आर्थिक वर्षात अमेरिकन केंद्र सरकारने साधारण ६,७५० अब्ज डॉलर खर्च केले. त्यातले सुमारे १,४५० अब्ज सोशल सिक्युरिटीचे (मुख्यतः म्हाताऱ्यांची पेन्शन), जवळपास तितकेच मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा आरोग्य विमा) आणि मेडिकेड (गरिबांचा आरोग्य विमा) मिळून, संरक्षण सुमारे ८५० अब्ज आणि कर्जावरचं निव्वळ व्याज सुमारे ८८० अब्ज. होय, व्याज संरक्षणाच्या पुढे गेलं. आणि परदेशी मदत, म्हणजे लस, धान्य, शस्त्रं सगळं धरून, एक टक्क्याच्या आसपास. लोकांना विचारलं की ते सरासरी पाव हिस्सा सांगतात. वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारला जातोय आणि उत्तर फारसं हलत नाही.

पण टक्केवारी दाखवून वाद मिटवणं मला पटत नाही. एक टक्कासुद्धा अब्जावधी डॉलर असतो आणि तेवढ्यात पुष्कळ बाई नेमता येतील. खरा मुद्दा वेगळा आहे. ज्या दोन खर्चांची आपण तुलना करतोय त्यांना एकमेकांशी बांधणारा एखादा नियम आहे का? तो असेल तर एकाचं वाढलं की दुसऱ्याचं घटतं. नसेल तर एकाचं घटवून दुसऱ्याचं आपोआप वाढत नाही, ते कुणाला तरी मत देऊन वाढवावं लागतं.

युक्रेनच्या पैशाला असा नियम नव्हता. २०२३ मध्ये कर्जमर्यादेच्या तडजोडीत दोन वर्षांसाठी खर्चाला टोपी, म्हणजे कमाल मर्यादा, बसवली गेली, संरक्षणाची वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी. 'आणीबाणी' असा शिक्का मारलेला खर्च टोपीच्या बाहेर. २४ एप्रिल २०२४ ला सही झालेलं ९५ अब्जांचं पॅकेज (युक्रेन सुमारे ६१, इस्रायल आणि गाझातल्या मदतीसकट सुमारे २६, हिंद-प्रशांत सुमारे ८) या बाहेरच्या खात्यातलं. ते नामंजूर झालं असतं तर ती रक्कम शिक्षणाच्या टोपीखाली सरकली नसती, फक्त तेवढं कर्ज कमी काढलं गेलं असतं. आता कुणी म्हणेल, मग शाळांवर मारा ना आणीबाणीचा शिक्का! मारता येतो. २०२० मध्ये मारलाच होता. त्याला मतं मिळाली तेव्हा मिळाली, नंतर मिळाली नाहीत.

'मदत' म्हणून जो आकडा सांगतात तो नेमका कशाचा, हे मला थोडं तपशिलात सांगायचंय, कारण माझी सहा वर्षं त्यातच गेली.

साठ्याच्या कामावर रुजू झालो त्या पहिल्याच महिन्यात टेबलावर एक यादी आली. एकाच जातीच्या जुन्या चिलखती गाड्या, कित्येक पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या. पहिला रकाना खरेदीच्या किमतीचा. दुसरा घसारा वजा जाता उरलेल्या पुस्तकी किमतीचा, आणि त्यात ओळीमागून ओळ जवळजवळ शून्य. तिसरा रकाना, आज तेच काम करणारी नवी गाडी घ्यायची तर किती पडेल, आणि तिथे आकडे डोळे फिरतील असे. साहेबांनी विचारलं, 'यातली एक गाडी उद्या कुणाला देऊन टाकली तर सरकारने किती दिले?' मी तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. ते हसले आणि म्हणाले, 'बातमी देणारा हाच आकडा घेईल. कायदा दुसरा घेतो.'

हा विनोद पुढे फार मोठ्या प्रमाणावर घडला. युक्रेनला बरीचशी शस्त्रं राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारात थेट लष्कराच्या कोठारातून दिली गेली, १९६१ च्या परदेशी मदत कायद्यातल्या एका कलमाखाली. या मार्गाने किती किमतीचं सामान द्यायचं याची मर्यादा काँग्रेस ठरवते. जून २०२३ मध्ये पेंटागॉनने, म्हणजे संरक्षण खात्याने, कबूल केलं की दोन वर्षांत दिलेल्या सामानाची किंमत ६.२ अब्ज डॉलरने जास्त धरली गेली होती, कारण कित्येक ठिकाणी पुस्तकी किमतीऐवजी नव्याने घ्यायची किंमत लावली होती. परिणाम काय? एक डॉलरही नव्याने मंजूर न होता आणखी ६.२ अब्जांचं सामान पाठवायला जागा झाली. पुढच्या वर्षी आणखी सुमारे दोन अब्जांची अशीच चूक सापडली. त्या वेळी लोक चिडून विचारत होते, सहा अब्ज गेले कुठे? कुठेच गेले नव्हते. ते कधी नोटांच्या रूपात नव्हतेच. १९६० च्या दशकात सेवेत आलेली एम-११३ ही चिलखती गाडी कोठारातून निघाली, एवढंच घडलं. तिच्या बदल्यात वाचनाच्या बाईंना पगार देता येत नाही.

मात्र पुस्तकी किंमत शून्य म्हणजे फुकट, असं म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका. कोठारातली जागा रिकामी झाली आणि ती भरायची ठरली की तिसरा रकाना खरा होतो. एप्रिल २०२४ च्या ६१ अब्जांत सुमारे २३ अब्ज अमेरिकेचा स्वतःचा साठा भरून काढायला होते, १४ अब्जांच्या आसपास युक्रेनसाठी नव्या खरेदीला आणि ११ अब्जांच्या पुढे त्या भागातल्या अमेरिकन सैन्याच्या खर्चाला. यातला मोठा भाग अमेरिकेतल्याच कारखान्यांत जातो. पेन्सिल्व्हेनियातल्या स्क्रँटनमध्ये १५५ मिलिमीटर तोफगोळ्याचं पोलादी कवच घडवलं जातं. तापून लाल झालेला पोलादाचा ठोकळा दाबून लांब पोकळ नळा करायचा, कातायचा, तपासायचा, मग दुसऱ्या गावी दारू भरायला पाठवायचा. युद्धाआधी देशात महिन्याला असे १४ हजारांच्या आसपास गोळे तयार होत होते. ध्येय ठेवलं एक लाखाचं. पैसा मंजूर होऊन दोन वर्षं गेली तरी उत्पादन चाळीस हजारांच्या आसपास होतं, कारण यंत्रं, कारागीर आणि स्फोटकं धनादेशाने रातोरात येत नाहीत. अमेरिकेत टीएनटी हे स्फोटक बनवणंच बंद पडलं होतं. केंटकीत नवा कारखाना उभारायचं कंत्राट २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये दिलं गेलं.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती जवळजवळ सगळेच करतात. नोकरीतल्या तिसऱ्या वर्षी मी एका देशाला दिलेल्या मदतीची बेरीज केली ती खऱ्याच्या जवळजवळ तिप्पट आली. मी काँग्रेसची तरतूद मोजली, मग त्याच पैशातून जाहीर झालेली पॅकेजं मोजली आणि मग त्या पॅकेजांतून निघालेली कंत्राटंही मोजली. तरतूद, बांधलेली रक्कम आणि प्रत्यक्ष फेडलेलं बिल हे एकाच डॉलरचे तीन टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी पत्रकार परिषद घेतं. बातम्यांतले आकडे एकाखाली एक मांडून बेरीज करू नका.

आता मदतीची बाजू घेणाऱ्यांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. 'सगळा पैसा इथेच खर्च होतो, रोजगार मिळतो' हे अर्धसत्य आहे. युक्रेनला रोकडही दिली गेली, जागतिक बँकेमार्फत सुमारे ३० अब्ज डॉलर, ज्यातून तिथल्या शिक्षकांचे आणि डॉक्टरांचे पगार, पेन्शनी भागल्या. कीवमधल्या शिक्षिकेचा पगार अमेरिकेने दिला आणि तुमच्या बाईंचा नाही, असं कुणी म्हणालं तर ते शब्दशः खरं आहे. त्यामागे कारण होतं (देश कोसळला तर शस्त्रं चालवणार कोण), पण ते कारण उघड सांगावं, कारखान्यांच्या नकाशामागे लपवू नये.

आणि रोजगाराचं म्हणाल तर तेवढ्याच पैशात शाळा-दवाखान्यांतून जास्त माणसं कामाला लागतात, कारण तिथे खर्चाचा मोठा भाग थेट पगारात जातो. शस्त्राच्या खर्चाला राजकीय बळ मिळतं ते माणसं जास्त असतात म्हणून मिळत नाही. ती एकाच मतदारसंघात एकवटलेली असतात. तुमच्याच राज्यातलं लिमा घ्या, जिथे अब्रॅम्स रणगाडे तयार होतात. २०१२ च्या सुमारास लष्करप्रमुख काँग्रेससमोर सांगत होते की आम्हाला सध्या आणखी रणगाड्यांची गरज नाही. काँग्रेसने पैसे दिलेच, आणि ओहायोच्या दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींचं यावर एकमत होतं. वाचनाच्या बाई देशभर विखुरलेल्या. त्यांचं लिमा नाही.

इस्रायल आणि इजिप्तचं प्रकरण वेगळ्या जातीचं आहे. २०१६ च्या करारानुसार इस्रायलला २०१९ ते २०२८ या दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलर, म्हणजे वर्षाला ३.३ अब्ज शस्त्रखरेदीला आणि अर्धा अब्ज क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांना. यातला काही भाग इस्रायलमध्येच खर्च करायची जुनी सवलत होती, ती टप्प्याटप्प्याने शून्यावर येतेय. इजिप्तला १९८७ पासून वर्षाला १.३ अब्ज. ही दुसरी रक्कम मदत कमी आणि १९७९ च्या शांतता कराराचं भाडं जास्त आहे, असं माझं मत. इथे आक्षेप घ्यायचा तर तो पैशाचा नसावा. त्या शस्त्रांचं काय होतं, ती कुणावर पडतात, हा प्रश्न आहे. गाझातल्या बॉम्बहल्ल्याविरुद्ध बोलायचं आणि कारण मात्र 'आमच्या शाळांना पैसा नाही' असं द्यायचं, हे मला खटकतं. पैसा असता तर चाललं असतं का?

बरं, बाहेरचं युद्ध किंवा मदत थांबवली तर पैसा घरी येतो का, याची परीक्षा झालेली आहे. दोनदा.

पहिली २०२१ मध्ये. त्या वर्षी बालकरसवलत, म्हणजे मुलांमागे मिळणारी करातली सूट, वाढवून जुलै ते डिसेंबर दर महिन्याला थेट पालकांच्या खात्यात जमा केली गेली. सरकारी मदतही उत्पन्नात धरणाऱ्या पूरक मोजणीनुसार बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं, तोवरचा नीचांक. शेवटचा हप्ता १५ डिसेंबरला पडला. पुढे वाढवायला ५०-५० अशा सिनेटमध्ये एकेक मत लागत होतं आणि सत्ताधारी पक्षाचेच वेस्ट व्हर्जिनियाचे जो मँचिन अडून बसले. २०२२ मध्ये बालदारिद्र्य १२.४ टक्के. आता तारखा बघा. अफगाणिस्तानातून शेवटचं विमान ३० ऑगस्ट २०२१ ला निघालं, वीस वर्षांचं युद्ध संपलं. डिसेंबरात शेवटचा हप्ता पडला तेव्हा युक्रेनवर हल्ला व्हायला अजून दोन महिने होते. वाचलेला पैसा घरी यायला याहून मोकळं मैदान कधी मिळालं नसेल. त्याच डिसेंबरात काँग्रेसने संरक्षण धोरण विधेयकात राष्ट्राध्यक्षांनी मागितल्यापेक्षा सुमारे २५ अब्ज डॉलर जास्त घातले.

दुसरी परीक्षा जुलै २०२५ मध्ये. १ जुलैला यूएसएड ही परदेशी मदतीची संस्था बंद झाली. महिनाअखेर सुमारे ९ अब्जांच्या आधीच मंजूर तरतुदी रद्द केल्या, त्यातले ८ अब्जांच्या आसपास परदेशी मदतीचे. मग घरी काय आलं? त्याच महिन्याच्या ४ तारखेला सही झालेल्या कायद्यात संरक्षणाला सुमारे १५० अब्ज जादा, मेडिकेडमध्ये दहा वर्षांत ९०० अब्जांच्या आसपास कपात, गरिबांच्या अन्नसाहाय्यातही मोठी कपात, आणि करसवलतींमुळे दहा वर्षांत ३,४०० अब्जांची वाढीव तूट. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. संन्यासी फासावर गेला, चोरी थांबली नाही.

मग लष्करी खर्च घरच्या गरजांना कधीच मारत नाही? मारतो. १९६८ मध्ये मारलं. व्हिएतनाम आणि गरिबीविरुद्धचे कार्यक्रम दोन्ही एकदम चालवण्याची राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची धडपड होती. युद्धासाठी आयकरावर दहा टक्के अधिभार हवा होता आणि तो काँग्रेसच्या करसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी अडवून धरला. शेवटी जूनमध्ये अधिभार मिळाला, पण सोबत सहा अब्ज डॉलरची खर्चकपात कायद्यातच लिहून घेतली. म्हणजे एकाच कायद्याने दोन खाती बांधली. त्याच्या वर्षभर आधी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये मार्टिन लूथर किंग म्हणाले होते की युद्ध माणसं, कौशल्य आणि पैसा एखाद्या राक्षसी नळीसारखं शोषून घेतं. त्यांनी पैसा शेवटी घातला हे मला नेहमी लक्षणीय वाटतं.

जर्मनीतही खाती बांधलेली होती, कारण तिथे कर्जावर घटनात्मक लगाम होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये युक्रेनची वाढीव मदत आणि घरचा खर्च एकत्र कसा भागवायचा या वादात चॅन्सेलर शोल्झ यांनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं आणि सरकार मोडलं. मार्च २०२५ मध्ये जर्मन संसदेने नियमच बदलला: संरक्षणावरचा एक टक्का जीडीपीच्या वरचा खर्च लगामाबाहेर, आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोचा वेगळा निधी. ब्रिटनने उलटं केलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये संरक्षण २०२७ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्क्यांवर न्यायचं जाहीर केलं आणि त्यासाठी परदेशी मदत ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायची ठरवली. परदेशी मदत खात्याच्या मंत्री ॲनेलीज डॉड्स यांनी राजीनामा दिला. तिथे तोफांचे पैसे घरच्या ताटातून न काढता परक्या गरिबाच्या ताटातून काढले.

अमेरिकेत ज्या लष्करी खर्चावर तुम्ही खरोखर चिडावं असं मला वाटतं तो मित्रदेशांचा नाही. सेंटिनेल नावाचं नवं आंतरखंडीय क्षेपणास्त्र आहे, जुन्या मिनिटमनच्या जागी बसवायचं. जुलै २०२४ मध्ये पेंटागॉनने त्याचा सुधारित खर्च सांगितला: १४०.९ अब्ज डॉलर, २०२० च्या अंदाजापेक्षा ८१ टक्के जास्त. म्हणजे फुगवटाच सुमारे ६३ अब्जांचा, युक्रेनच्या त्या गाजलेल्या पॅकेजाएवढा. हा खर्च कित्येक वर्षांत पसरेल, हे खरं. पण ६१ अब्जांवर सभागृह सहा महिने अडलं होतं आणि ६३ अब्जांच्या फुगवट्याला एक प्रमाणपत्र पुरलं: कार्यक्रम राष्ट्रीय सुरक्षेसाठी अत्यावश्यक आहे, पुढे चालू. पेंटागॉनचं संपूर्ण लेखापरीक्षण २०१८ पासून दरवर्षी होतं आणि एकदाही पास झालेलं नाही. मी त्या कोठारांच्या याद्या पाहिल्यात, मला आश्चर्य वाटत नाही.

आता राज्याकडे येतो, कारण माझ्या मते तुमची बस तिथे अडली आहे. केंद्र कर्ज काढू शकतं. राज्यांना, जवळजवळ सगळ्यांना, चालू खर्चाचा मेळ दरवर्षी घालावाच लागतो. तिथे तिजोरी खरोखर एकच असते आणि तिच्यातले दोन सगळ्यात मोठे वाटे म्हणजे शाळा आणि मेडिकेड. मेडिकेडमधला केंद्राचा हिस्सा घटला की राज्याने एक तर माणसांना बाहेर काढायचं किंवा तूट स्वतः भरायची, आणि भरायची तर सगळ्यात मोठ्या शेजाऱ्याकडूनच ओढावी लागते. २०२५ च्या कपातींचा मोठा भाग पुढच्या वर्षांत अंमलात येणार आहे.

शिवाय ओहायोची स्वतःची दुखणी आहेत. १९७६ च्या एका कायद्यामुळे घरांच्या किमती वाढल्या तरी मंजूर झालेल्या बहुतेक शाळा-करांचं उत्पन्न तेवढं वाढत नाही, म्हणून डिस्ट्रिक्ट दर काही वर्षांनी मतदारांपुढे नवी लेव्ही (जादा स्थानिक कर) घेऊन हात पसरतं. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये डेरॉल्फ खटल्यात मालमत्ता करावर इतकी भिस्त ठेवणारी ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली, नंतर पुन्हा ठरवली, आणि तरी घडी पूर्ण बदललेली नाही. २०२३ मध्ये खासगी शाळांची व्हाउचरं (फीसाठी राज्याने दिलेला पैसा) जवळजवळ सर्वांना खुली झाली, त्यांचा वर्षाचा खर्च एक अब्ज डॉलरच्या घरात आहे. आणि बसचं म्हणाल तर ओहायोत सार्वजनिक डिस्ट्रिक्टला आपल्या हद्दीतल्या खासगी आणि चार्टर (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) शाळांच्या पात्र मुलांचीही वाहतूक करावी लागते. चालक कमी पडले की आधी आपले मार्ग छाटले जातात.

डिस्ट्रिक्टच्या शाळा मंडळाच्या पुढच्या सभेला जाल तेव्हा खजिनदारांना तीन गोष्टी विचारा. बाईंचा पगार शेवटच्या वर्षी कुठल्या निधीतून निघत होता? बंद झालेल्या दोन मार्गांचे चालक आणि गाड्या आता कुठल्या मार्गांवर आहेत? आणि डिस्ट्रिक्टच्या येत्या वर्षांच्या आर्थिक अंदाजात राज्याकडून येणाऱ्या रकमेची ओळ कुठल्या वर्षी खाली वळते? तिन्ही उत्तरं लेखी मागा, ती सार्वजनिक नोंद आहे. पहिल्याचं उत्तर करोना निधी असं आलं तर मला कळवा. त्या जागा ज्यांनी टिकवल्या अशी काही डिस्ट्रिक्टं मला माहीत आहेत, त्यांनी पगार कुठल्या शीर्षाखाली हलवला ते पुढच्या वेळी लिहितो.